अरिंजयाला तीन हाका

माझं काम पुस्तकं वाचायचं. नौपाड्यातल्या एका छोट्या स्टुडिओत, पंखा बंद करून, घाम पुसत मी ऑडिओबुकं रेकॉर्ड करते.

त्या दुपारी एका काल्पनिक राज्याची दंतकथा वाचत होते. त्यात अरिंजय नावाचा योद्धा आहे, मोठ्या सरदार घराण्यातलं शेंडेफळ. सहाशे पानांत त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धं पान येतं. लढाई संपते, आई नदीकाठी उभी राहून त्याला तीन हाका मारते. पुढचं वाक्य असं: 'कोणीही ओ दिली नाही.'

मला त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. घरी जाऊन कुकर लावायचा होता.

काचेपलीकडून आमचा रेकॉर्डिस्ट धनेश म्हणाला, "ताई, परत घेऊया. मागून कोणीतरी ओ दिली."

मीही ऐकलं. तिसऱ्या हाकेनंतर लांबून, स्पष्ट, 'ओ'. रस्त्यावरचं कोणी असेल म्हणून दार घट्ट लावलं आणि पुन्हा वाचलं.

या वेळी ती ओ दाराशी आल्यासारखी वाटली. त्यानंतरच्या वेळी खोलीतच. खोलीत मी एकटी होते.

धनेशने सगळं पुसून टाकलं. "हाका नकोतच आता. फक्त शेवटचं वाक्य द्या, मी जोडतो."

मी वाचलं, "कोणीही ओ दिली नाही," आणि हेडफोन काढून ठेवला.

माझ्या उघड्या कानाशी कोणीतरी धापा टाकत म्हणालं, "दिली की गं, आई."