गाडी एक, नावं दोन

"गाडी एकच आहे," साहेब म्हणाले, "आणि नावं दोन."

तपासनिसाने टेबलावरचा कागद स्वतःकडे वळवला. मंगळवारी ट्रान्सफॉर्मर बदलायचा होता. नऊ ते पाच त्या भागातली वीज बंद. पण ज्या घरात कोणी श्वासाच्या मशीनवर आहे, त्या घराची वीज कंपनीला अशी तोडता येत नसे. वीज आयोगाचा तसा नियम होता. आधी फोन करून कळवायचं, आणि बंदच्या वेळात दाराशी जनरेटरची गाडी उभी करायची. अशा घरांची वेगळी यादी असे. या भागात दोनच घरं होती. एक बागेमागच्या आजोबांचं, दुसरं तपासनिसाचं स्वतःचं.

"यादीत खोटी नावं घुसलीत, म्हणून वरून पत्र आलंय." साहेब वयाने पंधरा वर्षांनी लहान होते आणि त्याला अहो-जाहो करत. "या आजोबांचं मीटर बघा. वर्षभरात युनिटं निम्म्यावर आलीत. मशीन चालू असतं तर आली असती का?"

"बघून येतो."

"काही नसलं तर सरळ नाव काढा. गाडी तुमच्या दारात उभी करू. वहिनींची काळजी मिटली."

"आणि माझ्या घराची तपासणी?"

साहेब हसले. "तुमची कसली करायची? तुमचं मीटर चोवीस तास पळतंय. बदलून आलात त्याला आठ महिने झाले, एकदा घरी चहाला बोलावलं नाहीत. पण वहिनींना त्रास नको म्हणून आम्हीही आलो नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं."

आजोबांच्या दाराची बेल वाजवल्यावर आत आधी स्विचचा आवाज झाला. मग मशीनची घरघर. मग दार उघडलं.

"हळू बोला हं," आजोबा म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

खोलीत अर्धा अंधार होता. पलंगावर चादर वरपर्यंत ओढलेली, खाली उंचवटा. तपासनीस मशीनपाशी वाकला आणि त्याने मागच्या जाळीवर तळहात धरला. दिवसभर चालणारं मशीन मागून गरम वारा टाकतं. हे गार होतं. पुढची पाण्याची बाटली कोरडी ठणठणीत होती. नळी गुंडाळून वर ठेवलेली.

"कधी झालं?" त्याने विचारलं.

आजोबांनी चादरीचं टोक सारखं केलं. "मार्चमध्ये."

"मग नाव का ठेवलंत? गाडीसाठी?"

"गाडी घेऊन काय करू मी? बैलगाडी असती तर फिरलो तरी असतो." ते हसले नाहीत. "लाईट जायची असली की तुमच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन येतो. त्या विचारतात, आजी कशा आहेत? मी म्हणतो, बरी आहे. मुलगा फोन करतो, तो मला विचारतो, बाबा, जेवलात का. तिच्याबद्दल आता कोणी विचारत नाही. त्या बाईच तेवढ्या विचारतात."

तपासनिसाने पेनचं टोपण काढलं.

"नाव काढलं की फोन बंद होणार ना?"

"हो."

"काढा मग. खोटं ते खोटंच." आजोबा पलंगाच्या कडेला बसले, उंचवट्याच्या पायांची जागा सोडून.

तपासनिसाने पेनला टोपण लावलं.

"मशीन रोज चालवा," तो म्हणाला. "बेल वाजल्यावर नाही, सकाळी उठल्या उठल्या. मीटर चुगली करतं. बाटलीत पाणी ठेवा, उकळून गार केलेलं. आणि नळी गुंडाळू नका, उशीवर ठेवा. मंगळवारी गाडीची केबल बाहेर मीटरलाच जोडतात. घरात कोणी येत नाही."

आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला बरं सगळं माहीत."

"माझ्याही घरी मशीन आहे. बायकोसाठी."

"अरेरे. कशा आहेत त्या?"

"बरी आहे," तपासनीस म्हणाला आणि बूट घालायला वाकला.

ऑफिसात त्याने यादीवर आजोबांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

"आजी आहेत. झोपल्या होत्या."

"आणि युनिटं?"

"मीटर जुनं आहे, हळू पळतं. बदलायला सांगतो."

साहेबांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे मंगळवार बोंबलला. ट्रान्सफॉर्मर उडाला तर सगळा भाग अंधारात."

"काम थांबवू नका. गाडी आजोबांकडे पाठवा. मी त्या दिवशी रजा टाकतो. घरी बॅटरी आहे, दिवस काढीन."

"आठ तास बॅटरीवर? अहो, जिवाशी खेळ आहे हा!"

"माझी जबाबदारी. लेखी देतो."

साहेबांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट ऑफिसभर झाली. कोणी म्हणालं, अशी माणसं आता राहिली नाहीत.

घराचं कुलूप काढतानाच त्याला आतली घरघर ऐकू आली. बूट काढतो तोच फोन वाजला. ऑफिसातल्या बाई होत्या.

"नियम आहे, म्हणून तुम्हालाही करतेय हो. मंगळवारी नऊ ते पाच लाईट नाही. वहिनी कशा आहेत?"

"बरी आहे. आत्ताच डोळा लागलाय."

"काळजी घ्या त्यांची."

"हो."

त्याने फोन ठेवला. मशीनच्या मागून गरम वारा येत होता. बाटलीतलं पाणी खाली गेलं होतं, ते त्याने रेघेपर्यंत भरलं. नळी कोरड्या फडक्याने पुसून परत उशीवर ठेवली. शेजारी बायकोची गादी गुंडाळलेली होती. बदलीच्या सामानातून आली तेव्हा तिला बांधलेली दोरी त्याने अजून सोडली नव्हती.