पिशवी लावू नका

‘तातडीचे’ हा शब्द तिने लिहिला आणि लगेच पुसला. गेल्याच मंगळवारी तो उशीच्या खोळींसाठी वापरून झाला होता.

ऑफिसात तिला मथळेबाई म्हणत. कंपनी शेकायच्या पिशव्या, गुडघ्याचे पट्टे, मऊ तळव्यांच्या चपला असलं सगळं ऑनलाइन विकायची, आणि गिऱ्हाइकांना रोज जाणारा मेल ही लिहायची. लोकांनी तो उघडावा म्हणून वर जी एक ओळ लागते, त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आज मात्र हातच चालेना. विजेवर तापणाऱ्या शेकायच्या पिशव्यांचा एक अख्खा साठा सदोष निघाला होता. पाणी तापलं की वीज आपोआप बंद व्हायला हवी, ती होत नव्हती. तीन पिशव्या फुटल्या होत्या, एक आजी भाजून दवाखान्यात होत्या. तसल्याच पिशव्या आणखी बावीस हजार घरांत होत्या.

त्यातली एक तिच्या आईकडे. हिनेच हौसेने नेऊन दिलेली. आई दुपारची झोप काढून उठली की चारच्या सुमाराला ती तापत लावायची आणि मग कंबरेखाली घेऊन पडायची. आता सव्वातीन झाले होते. तिने दोनदा फोन लावून पाहिला होता, पण झोपताना आई फोन स्वयंपाकघरात ठेवते, हे हिला माहीत होतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

‘दुर्लक्ष करू नका’ गुडघ्याच्या पट्ट्यांवर खर्ची पडलं होतं. ‘शेवटची सूचना’ वर्षातून चाळीस वेळा तरी गेली असेल. ‘आम्हाला तुमची काळजी वाटते’ हे तर प्रत्येकाच्या वाढदिवसाला आपलं आपण जायचं. खरं सांगायची वेळ आली तर असावा म्हणून एक शब्द शिल्लक ठेवला नव्हता बाईने.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "लोकांना घाबरवू नका हं. ‘एक छोटासा बदल, खास तुमच्यासाठी’ असं काहीतरी हसरं लिहा."

"आपण रोजच घाबरवतो की, साहेब. परवा मी लिहिलं, गुडघे दुखणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक हीच चूक करतात. कुठली चूक, ते मला अजून माहीत नाही."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

साहेबांचा मोबाइल वाजला, तसे ते केबिनकडे वळले.

तिने लिहिलं, ‘पिशवी लावू नका.’ उद्गारचिन्ह नाही, आगीचं चित्र नाही, गिऱ्हाइकाचं पहिलं नाव घालून केलेली सलगी नाही. आत साध्या चार ओळी. मेलच्या तयार साच्यात नकार देणाऱ्यांसाठी एक बटण असायचं, ‘नको, मला कंबरदुखीच बरी’. ते तिनेच शोधून काढलं होतं आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या. ते आज तिने स्वतःच्या हाताने काढलं. तीन बत्तीसला मेल गेला.

वीस मिनिटांत बावीस हजारांतल्या आठशे जणांनी तो उघडला. बाकीचे कुठे आहेत, काय करताहेत, कोणाची पिशवी विजेला लावलेली आहे, हे तिला पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. तिने पुन्हा आईला फोन लावला. आईने उचलला.

"अगं, आत्ताच उठले. चहा घेतेय."

"आई, पिशवी लावलीस का?"

"लावली की. आज जरा जास्तच फुगलीये."

"आधी भिंतीवरचं बटण बंद कर. मेल आला ना तुला?"

"आला बाई. लावू नका म्हटलं की माणूस हटकून उघडतो, हुशार आहेस."

"मग वाचला नाहीस?"

"काय वाचायचंय त्यात? खाली घड्याळ पळतंय. दोन तास चौदा मिनिटं. म्हटलं, आली वाटतं नवीन पिशवी."

सवलत संपायला किती वेळ उरला ते दाखवणारं ते उलटं धावणारं घड्याळ प्रत्येक मेलला खाली आपोआप चिकटायचं, गेल्या वर्षी तिनेच मागून घेतलेलं. मेलमधलं बटण काढलं आणि घड्याळ तसंच राहिलं. बावीस हजार घरांत ते आता पळत होतं.

"आई, हे खरं आहे गं. तुझी शपथ."

"शपथ मागे पण घातली होतीस, त्या चपलांच्या मेलमध्ये."

ती फोनवरच रडायला लागली, भर ऑफिसात, सगळ्यांसमोर. तिकडे कप ठेवल्याचा आवाज आला, चपलांची फटफट आली आणि मग खट्ट झालं.

"केलं बंद. रडू नको."

"हात लावू नकोस तिला. खोलीबाहेर ये, दार ओढून घे."

"आले गं, आले. काय झालंय ते तरी सांग."

"मी पुन्हा करते फोन," ती म्हणाली.

नाक पुसून तिने पिशवी घेतलेल्यांची यादी काढली. नावापुढे घरपोच माल पाठवायला घेतलेले फोन नंबर होते. मेल उघडलेल्यांची नावंही तिने गाळली नाहीत. अगदी वरचा नंबर लावला. कोणीतरी आजोबांनी उचलला.

"नमस्कार, मी शेकायच्या पिशवीच्या कंपनीतून बोलतेय."

"नको आहे," आजोबा म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने तोच नंबर पुन्हा लावला.