एका डोक्यावर दोन फेटे

खालच्या वाडीचा फेटा बांधून झाला आणि गुंडानं वरच्या वाडीचा उलगडायला घेतला. या फेट्याचं एक टोक पलूसच्या स्टँडवर धरलं तर दुसरं इथं देवळाच्या पायरीला लागतं, असं लोक म्हणतात. लोक कमीच सांगतात.

"दोन मानाचे फेटे एका डोक्यावर कवा बांधलं न्हाईत बघ," गुंडा म्हणाला. "मानगूट पेलंल न्हवं?"

"पेलंल," धैर्यशील म्हणाला. वीस वर्षांचा होता. खालच्या वाडीचा मान त्याला बाप गेला तेव्हाच मिळाला होता, पाळण्यात. फेटा पाळण्याच्या दांडीला बांधून नारळ फोडला होता म्हणे. वरच्या वाडीचा मान समोर खुर्चीत बसलेल्या लीलाबाईंचा. त्यांना मूल ना बाळ. आज यात्रेच्या दिवशी त्या तो याच्या डोक्यावर ठेवणार होत्या. मधला ओढा पिढ्यान्‌पिढ्या न ओलांडणाऱ्या दोन्ही वाड्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

"कान मोकळं ठेवतो," गुंडा म्हणाला. "मानकऱ्याला गाव ऐकू आलं पायजे. आज्यापास्नं रीत हाय आमची."

पायरीवर चिंतामण मास्तर तंबाखू मळत होते. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. रिटायर झाला, पण इतिहास काही सुटेना.

"विलायतेत असाच एक राजा झाला गड्या, जेम्स म्हणून. वर्षाचा असताना स्कॉटलंडच्या गादीवर बसवला. आई त्याची पळाली ती शेजारच्या राणीच्या आसऱ्याला. राणीनं आसरा दिला. एकोणीस वर्षं कोंडून ठिवली, आन मग मुंडकं उडवलं."

"मग पोरगं काय म्हणालं?" गुंडानं विचारलं.

"निषेध कळवला. रीतसर." मास्तरांनी चुना लावला. "राणीला मूलबाळ न्हवतं. ती मेली, तशी तिची गादी बी ह्यालाच. दोन राज्यं, डोकं एक."

"नशिबाचा म्हणायचा."

"लय. फकस्त जन्मभर कापूस भरलेलं जाडजूड कपडं घालायचा म्हणं. सुरीच्या भ्यानं."

मंडळी हसली. मग काही आठवल्यासारखी लीलाबाईंकडं बघायला लागली. धैर्यशीलची आई संयोगिता एकोणीस वर्षांपूर्वी दिराच्या मारानं अशीच ओढा ओलांडून लीलाबाईंच्या दारात आली होती. लीलाबाईंनी तिला पाणी दिलं, पोर ठेवून घेतलं आणि तिला वेशीबाहेर घालवलं. तेव्हापासून ती लोणंदला भावाकडं. वेस तिला बंद.

आठ दिवसांपूर्वी धैर्यशीलनं तिला फोन केला होता. "आई, तू आल्याबिगर मी फेटा बांधून घ्यायचा न्हाई."

लीलाबाईंनी बोट वर केलं. मंडपातला कर्णासुद्धा कुणीतरी बंद केला.

"पोरा, ऐक. ती वेशीच्या आत आली, की माझा फेटा उतरवायचा. देवाम्होरं सांगतेय."

धैर्यशीलच्या कपाळावर घाम आला. गुंडानं तो फेट्याच्याच टोकानं टिपला आणि पहिला वेढा घेतला. दुसरा घेतला. डोकं जड व्हायला लागलं.

वेशीबाहेर एसटी थांबली. एकच बाई उतरली. हातात पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली. वेशीच्या दगडापाशी आली आणि थांबली. पाऊल आत टाकलं नाही.

"धैर्या," तिनं हाक मारली. "येऊ का रं आत?"

दोन वाड्यांची माणसं, पण मेवामिठाईवरच्या माश्या तेवढ्या ऐकू येत होत्या. गुंडाचे हात थांबले. धैर्यशीलनं मान वळवली नाही. दोन फेट्यांखाली ती वळण्यासारखी राहिलीच नव्हती, असं तो नंतर सांगणार होता.

"गुंडाअण्णा," तो हळूच म्हणाला, "फुडला येढा कानावरनं घे."

"कुठल्या कानावरनं?"

"दोन्ही."

गुंडानं लीलाबाईंकडं पाहिलं. त्या बोटानं खुर्चीच्या हातावर ठेका धरून होत्या. त्यानं कापड ताणलं. वेशीवरनं पुन्हा हाक आली, पहिल्यापेक्षा मोठी.

मास्तरांनी तंबाखू न खाताच झटकून टाकली.

"गुंडा," ते म्हणाले, "आत जरा कापूस बी भर रं. त्येला लागंल."