कमी पेट्रोल पिणारं इंजिन

पैठणच्या धरणावर मासे धरणारा रामकिसन बायकोला घेऊन शहरात मुख्तारच्या दुकानात आला. त्याची होडी आजवर वल्ह्यांवरच चालली होती, आता तिला इंजिन बसवायचं होतं. होडी जुनी, मागची फळी कमजोर, म्हणून मुख्तारनं दोन हलकी इंजिनं पुढं काढली.

"हे घ्या मामा. लई जोरात पळतं. सगळ्यांच्या आधी मासळीवर पोचाल."

"जोरात नको," रामकिसन म्हणाला. "कमी पेट्रोल पिणारं कोणतं?"

"हे दुसरं. पण फार हळू चालतं. सगळं धरण फिरायचं म्हणलं तर दिवस मावळंल."

"मावळू दे. हेच द्या."

गिऱ्हाईक भलतंच चिक्कू दिसतंय, असं वाटून मुख्तारला हसू आलं. "मामा, मासे काय तुमची वाट बघत थांबणारेत? मामी, तुम्ही तरी समजवा यांना."

द्वारकाबाई इतका वेळ पदराचं टोक मुठीत धरून मागं उभी होती.

"जोरात गेलं की पाणी ढवळतं, बाबा," ती हळूच म्हणाली. "मग खालचं काय दिसत नाय."

"खालचं काय बघायचंय, मामी?" मुख्तारनं हसतच विचारलं.

रामकिसननं मान फिरवली. शेवटी तीच बोलली.



"शोधायला आलेली माणसं परवा माघारी गेली, अन् आमचा पोरगा अजून पाण्यातच हाय."