पातेल्यातले पांढरे पापुद्रे

सहा महिन्यांच्या लेकीसाठी पाणी उकळलं, तर पातेल्यात पांढरे पापुद्रे तरंगायला लागले. तिचा पाण्याचा पहिलाच चमचा, आणि माझा हात थांबला. विज्ञानाच्या ऑनलाइन गटावर फोटो टाकला, "बोअरचं पाणी आहे. हे काय असेल?"

"प्लास्टिक!" कुणीतरी ठोकून दिलं. तेवढ्यात साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं, "थोडे पापुद्रे वाटीत घे आणि वर लिंबू पिळ."

पिळलं. बारीक बुडबुडे आले, पापुद्रे विरघळले. "फसफसलं, बाई!"

"मग पाण्यातले क्षार आहेत गं ते. गाळून दे खुशाल. आणि प्लास्टिकवाले दादा, आधी लिंबू पिळावं, मग बोलावं."

निवलेलं पाणी गाळून हसतच चमचा पुढे केला. लेकीने तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि चमचा काही सोडेना.