भिंतीवरचे ठोके

प्रफुलनं शेवटची ढोलकी गाडीत ठेवली अन् आशाबाईच्या दारापुढं येऊन हात जोडले.

"बाई, तुमाले लय तरास झाला. माफ करजा."

आशाबाईनं नुसती मान हलवली. वडशाच्या त्या वॉर्डातला प्रफुलचा वाजवण्याचा क्लास तिच्याच अर्जामुळं बंद झाला होता. जिंकलेल्या माणसानं जास्त बोलू नये, एवढं तिला समजत होतं.

अन् तिचं तरी काय चुकलं होतं? तिच्या घराची अन् समाजमंदिराची भिंत एकच. इकडं तिचे मालक, बापूजी, लकवा मारल्यापासून दोन वर्षं खाटेवर. वाचा गेलेली, उजवं अंग गेलेलं, डावा हात तेवढा चालत होता. तिकडं रोज पाच वाजले की वॉर्डातली वीस पोरंपोरी ढोलकी, टाळ, पेटी घेऊन बसत. ती वाजवायला लागली की थोड्याच वेळात बापूजी डाव्या मुठीनं भिंत ठोकत. डोळे मोठे करत, आं आं करत. बायकोनं काय समजायचं सांगा! कलकल सहन होत नाही, हेच ना? तिनं गल्लीतल्या चौघींच्या सह्या घेतल्या अन् नगरपालिकेच्या ऑफिसात अर्ज देऊन आली.

तसा प्रफुल वाईट नव्हता. तो यायच्या आधी त्या समाजमंदिरात दारूच्या बाटल्या अन् डुकरं असत. त्यानं ते झाडलं, रंगवलं, पोरांना फुकटात शिकवलं. मागच्या बाजूला राईस मिलच्या पोत्यांत माती भरून पोरांनी वांगी लावली, अन् पहिली वांगी आशाबाईच्याच दारात आणून ठेवली. ती वांगी खाऊन तिनं त्याच आठवड्यात अर्ज दिला होता. आज त्याला गाडी भरताना पाहून तिला त्या गोष्टीची लाज वाटत होती.

"इथी कुठी दुसरी जागा नाई भेटली का रे?"

"चार वॉर्ड हिंडलो, बाई. आरमोरीले एका गुरुजीनं खोली देली. मी जाईन तिकडं. हे पोट्टे तितक्या दूर कुठून येतीन?"

तेवढ्यात टाळांची जोडी घेऊन दामिनी आली. शेजारची पोर, बारा वर्षांची, तोंडाची फटकळ.

"आजी, आता त गेला ना आजोबाचा राग? आमी काई जोरानं नोतो वाजवत. आजोबानं ठोकलं का सर म्हणे, हळू वाजवा. आमी हळू केलं का आजोबा अजून जोरानं ठोके!"

"अजून जोरानं?"

"हाव ना. झेंड्याच्या दिवशी पाहुणे होते, तवा सरनं फुल जोरानं वाजवाले लावलं. त्या दिवशी एकडाव बी नाई ठोकलं."

आशाबाईला तो दिवस आठवला. त्या संध्याकाळी बापूजींनी ताटलीभर भात खाल्ला होता. नव्या गोळीचा गुण आला म्हणून ती गल्लीभर सांगत फिरली होती.

पाच वाजले होते. आतून भिंतीवर ठोके पडले.

बाहेर तर काहीच वाजत नव्हतं. आशाबाई घाईनं आत गेली. बापूजी भिंतीला कान लावून पडले होते. ठोके देत, थांबत, ऐकत. पुन्हा ठोके देत. रागावलेले बापूजी तिला चांगले माहीत होते, चाळीस वर्षं संसार केला होता. हा माणूस वाट पाहत होता.

जन्मभर राईस मिलमध्ये पोती उचलली त्यांनी. पण थंडीत गावोगाव नाटकं लागली की कुठल्या कुठं सायकल मारत जायचे, अन् दुसऱ्या दिवशी मिलमधल्या पोत्यांवर बोटांनी नाटकातली ढोलकी वाजवायचे. "नाटकानं पोट भरते का तुमचं?" असं आशाबाई दरवर्षी विचारायची. त्यांच्यासोबत ती एकदाही गेली नाही.

"अवो," ती म्हणाली. पदर तोंडाला लावून ती बाहेर धावली.

गाडी सुरू झाली होती. ती आडवी उभी राहिली.

"प्रफुल, बाबू, थांब! मी अर्ज वापस घेतो. आत्ता येतो तुह्यासंग ऑफिसात."

प्रफुल खाली उतरला. "आता कायचा अर्ज, बाई? ऑफिसनं हॉल देला बिछायतवाल्याले, मांडवाचं सामान ठेवाले. वर्षाची लिखापढी झाली. उद्या त्याच्या खुर्च्या येतीन इथी."

आत ठोके पडतच होते. आशाबाईनं एकदा घराकडं पाहिलं.

"मंग एकडाव वाजवून जा. इथीच. माह्या दारात."

प्रफुलला काही समजलं नाही, पण बाईचा चेहरा पाहून त्यानं दोन ढोलक्या काढल्या. सामान भरायला आलेली पोरं रस्त्यावरच बसली. सवयीनं हळूच वाजवू लागली. आतून ठोके जोरानं पडले. प्रफुलनं सवयीनंच हात खाली करून पोरांना इशारा केला, अजून हळू.

"हळू नोका वाजवू रे!" आशाबाई भर रस्त्यात ओरडली. "जोरानं वाजवा! जोरानं!"

दारादारांतून बाया बाहेर आल्या. अर्जावर सह्या करणाऱ्या चौघीही आल्या. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं अन् अंगात होता तेवढा जोर लावला. भिंतीवरचे ठोके थांबले. आत जाऊन बापूजींचं तोंड पाहायची मात्र आशाबाईची हिंमत झाली नाही.

गाडीवाल्याला उशीर होत होता. त्यानं हॉर्न दिला, मग आणखी एकदा दिला.

"जरासा थांब ना गा भाऊ," आशाबाई त्याच्यापुढं हात जोडून म्हणाली. "आत्ता त कुठी त्याईले आयकू आलं."