एका घरातले दोन मतदार

दारात उभ्या असलेल्या बाईंच्या छातीवर पक्षाचा बिल्ला होता. "निवडणुकीसाठी आलेय. या घरात मतदार किती?"

"दोन," उत्पला म्हणाली.

श्रीरंगशी घटस्फोट ठरून आठ महिने झाले होते. पण मेलबर्नमध्ये दुसरं घर भाड्यानं घेणं दोघांपैकी एकालाही झेपत नव्हतं. म्हणून ती बेडरूममध्ये झोपायची, तो गॅरेजमध्ये. स्वयंपाकघरात जायच्या वेळासुद्धा ठरलेल्या होत्या.

"तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?"

"घरभाड्याची," उत्पला म्हणाली आणि त्याच क्षणी मागून श्रीरंगही तेच म्हणाला.

बाई खूश झाल्या. "नवराबायकोचं इतकं एकमत कुठं दिसत नाही हो! आमचं सरकार आलं की भरपूर नवी घरं बांधणार आहोत. भाडी उतरतील."

"कधी?" श्रीरंगनं पुढं येत विचारलं.

"पाच वर्षं तरी धरून चाला."

उत्पलानं कित्येक महिन्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते.

"पाच," तो पुटपुटला.

बाई पत्रक देऊन शेजारच्या घराकडे वळल्या. उत्पलानं दार लावलं. त्या अरुंद पॅसेजमध्ये आधी कोणी बाजूला व्हायचं, हे दोघांनाही कळेना.